भटूआप्पांचे खोटारडे डबे

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा लांब होती म्हणून घरी बसले, आणि पहिली वेलांटी कुठे, दुसरी कुठे, हे तेव्हापासून अंदाजानंच चाललं आहे. जो कोणी वाचेल त्यानं सांभाळून घ्यावं. मला तोंडानं भांडता येत नाही. राग आला की घसा बंद होतो आणि मान आपोआप ‘हो’ म्हणते. म्हणून लिहिते. भटूआप्पांबद्दल कोणीतरी एकदा खरं लिहून ठेवायलाच पाहिजे.

भटूआप्पा हवेतून धागा ओढतात.

खुर्चीत बसतात, डोळे मिटतात, दोन्ही हात नाकासमोर धरतात आणि अंगठ्या-बोटांच्या चिमटीत काहीतरी पकडून हळूहळू लांब करतात. चिमटीत काहीच नसतं. नवा माणूस असेल तर त्याला वाटतं, म्हातारा कामातून गेला. तसं नाही. ते गाणं ऐकत असतात.

आप्पा आमचे शेजारी. नंदुरबारात, मिरची वाळवायच्या पथारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची दोन घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी आहेत. आप्पांनी सारा जन्म जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्याचं काम केलं. गाडी आली की मूठभर कापूस घ्यायचा, चिमटीत धरून ओढायचा आणि सांगायचं, धागा लांब की आखूड, ओल किती, पाला किती. शेतकरी बिचारा श्वास धरून उभा. आप्पा जे बोलले तो भाव. जिनिंग सुटलं, पण बोटं काही सुटली नाहीत. आता ती गाण्यावर चालतात. “धागा आखूड शे,” असं म्हणून त्यांनी मोठमोठे गवई परत पाठवले आहेत. त्यात गवयांचा दोष नसतो, दोष डब्याचा असतो. “नलू, गानारा चांगला शे. पन डबा खोटं बोली ऱ्हायना.”

आता डबा म्हणजे काय ते सांगते, कारण मलाच ते समजायला वर्ष लागलं.

त्याला म्युझिक सर्व्हर म्हणतात. काळा किंवा चांदीच्या रंगाचा, चपटा, आमच्या लोखंडी पेटीपेक्षा जड. त्यात हजारो गाणी साठवून ठेवतात. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कान लावला. काही ऐकू आलं नाही. आप्पा हसले. म्हणाले, हा वाजत नाही. हा गाणं ठेवतो आणि दुसऱ्या डब्याला देतो. दुसरा ते उलगडून तिसऱ्याला देतो. तिसरा त्याला जोर देतो आणि मग ते स्पीकरमधून बाहेर पडतं. मी विचारलं, याची किंमत किती. त्यांनी सांगितली. मी ओट्याचा खांब धरला. स्वतः एक शब्द न बोलणारी वस्तू इतकी महाग असते, तर मला कोणीतरी काहीतरी द्यायला पाहिजे होतं.

डबे येतात सुरतेहून. तिथे एक शेठ आहे. त्याच्या दुकानात एसी आहे, सोफा आहे आणि चहा फुकट आहे. तो शेठ अनामत रक्कम ठेवून घेतो आणि डबा पंधरा दिवस घरी न्यायला देतो. पसंत पडला तर बाकीचे पैसे भरा, नाहीतर परत आणा. असा शेठ आप्पांना भेटायला नको होता आणि आप्पाही त्या शेठला भेटायला नको होते. आप्पा गोधडीत गुंडाळून डबा मांडीवर घेतात आणि पॅसेंजरनं येतात. एकदा गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, “बाबा, नातू का?” आप्पा म्हणाले, “नही माय, आजून पास व्हयना नही.”

डबा घरात आला की आमच्या घरावर संकट येतं.

पहिली गोष्ट फ्रीज. “नलू, तुन्हा फ्रीज गानामा येस.” म्हणजे माझ्या फ्रीजची घरघर विजेच्या तारेतून त्यांच्या गाण्यात शिरते. आमचं मीटर वेगळं, वायर वेगळी, तरी शिरते. मग दुपारी त्यांचं ऐकणं चालू असेतो माझा फ्रीज बंद. दोनदा दूध नासलं. आमचे हे टेम्पो चालवतात, मिरची घेऊन इंदूरकडे जातात. घरी आले की विचारतात, दूध कुठे. मी भिंतीकडे बोट दाखवते.

दुसरी गोष्ट अर्थिंग. आप्पांनी अंगणात खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं, तांब्याची पट्टी गाडली. जमीन ओली राहिली की गाण्यातला कचरा खाली उतरून जातो, असं त्यांचं म्हणणं. ओली कोणी ठेवायची? मी. सकाळी तुळशीला पाणी घालते आणि उरलेला तांब्या आप्पांच्या खड्ड्यात. एका म्हातारीनं तर तिथे हळदकुंकू वाहिलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर समजावून सांगावं लागलं असतं.

तिसरी गोष्ट मिरची. आमच्याकडे हिवाळ्यात हवा लाल असते. पथारीवर मिरच्या वाळत घातलेल्या असतात आणि वारा सुटला की सारी गल्ली शिंकते. आम्हाला सवय आहे. सुरतेच्या डब्यांना नाही. एका डब्याला आत पंखा होता. पंखा हवा ओढायचा आणि हवेबरोबर मिरची. आठवड्यात तो डबा खोकल्यासारखा आवाज करायला लागला. आप्पांनी तो परत नेला. दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला, तो आप्पांनी स्पीकरवर लावला, म्हणून मीही ऐकला. शेठ रडकुंडीला आला होता. “अंकल, आपके डब्बे में से मिर्ची की बास आती है. मेरा आदमी खोल के बैठा, उसकी आँख सूज गई.” आप्पा शांतपणे म्हणाले, “तो अगला बिना पंखेवाला देना.” आणि पुढचा बिनपंख्याचा आला. तो अर्थातच आणखी महाग होता.

हे डबे ते बसवतात सरकीच्या पोत्यांवर. टेबल थरथरतं म्हणे, सरकी थरथर पिऊन टाकते. लाखाची वस्तू पोत्यावर आणि भटूआप्पा लाकडी खुर्चीवर. त्या घरात आता एवढंच सामान आहे. इंदूबाई होत्या तेव्हा तिथे पाटा होता, झोपाळा होता, डाळीचे डबे होते आणि त्यातले कुठलेच डबे खोटं बोलत नव्हते.

इंदूबाई म्हणजे आप्पांची बायको. तीन-चार वर्षं झाली त्यांना जाऊन. बाई माझ्यासारखीच, कमी बोलणारी. आम्ही दोघी ओट्यावर बसून मिरचीचे देठ खुडायचो आणि तासन् तास एक शब्द नाही. लोकांना वाटायचं, भांडलोय. मुलगी लग्न होऊन लांब गेली. ती फोन करते तेव्हा आप्पा तिला डब्यांबद्दल सांगतात, म्हणून ती फार वेळ फोन करत नाही.

आता परीक्षा कशी घेतात ते सांगते. त्यातच माझा सगळ्यात जास्त छळ झाला.

आप्पांकडे एक जुनी कॅसेट आहे. आमच्या गल्लीत एका श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशाची देवी, बसली होती, तिच्या विसर्जनाच्या सकाळी बायका अंगणात उभ्या राहून गाणी म्हणत होत्या. आप्पांनी तेव्हा नवा टेप आणला होता, दोन्ही टोकांना जाळीचे कान असलेला. तो त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि सगळं भरून घेतलं. ती कॅसेट शेठनं त्यांना पेनड्राइव्हवर करून दिली. नवा डबा आला की मोठमोठ्या गवयांचं होतं, वाद्यांचं होतं, पण निकाल लागतो तो कानबाईच्या गाण्यावर. आणि साक्षीदार मी.

“नलू, आठे बठ. डोया झाक. आयक.”

मी बसते. पुढे सुमनबाईचा आवाज, तो तर डब्याशिवायही तळोद्यापर्यंत जायचा. तिच्या बाजूला लीलाबाई, मग इतर. आप्पा एकेकीचं नाव घेतात, चिमटीत धरतात, ओढतात. सुमननी पास. लीलानी पास. आणि मग दर वेळी तोच प्रश्न.

“आनि मांगे? मांगे कोन शे?”

मागे आम्ही दोघी होतो, मी आणि इंदूबाई. भिंतीला टेकून. पण मागे मी होते हे मी कसं सांगणार? आणि ऐकूही येत नव्हतं. मागे नुसतं गढूळ पाणी. मी म्हणायची, “काही नही आप्पा.” की झालं. आप्पा डोळे उघडायचे, डब्याकडे जिनिंगमध्ये आलेल्या ओल्या कापसाच्या गाडीकडे पाहावं तसं पाहायचे आणि म्हणायचे, “खोटं बोलस.” डबा परत गोधडीत.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी लिहायला बसले नसते. शेजार म्हटला की फ्रीज बंद ठेवावा लागतो. पण त्यांनी माझ्या डंक्याला हात घातला.

डंका म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. मी किती वर्षं पथारीवर देठ खुडले. हात जळतात, रात्री डोळ्याला हात लावता येत नाही. माझं एकच होतं, आपला एक डंका घ्यायचा, घरच्या ओसरीत लावायचा आणि गल्लीचा मसाला कांडून द्यायचा. कोणाच्या पथारीवर जायचं नाही. बायकांच्या भिशीत थोडं थोडं टाकून चाळीस हजार जमले. चौकातल्या एका बाईचा चालू स्थितीतला डंका विकायचा होता, ती मुलाकडे राहायला जाणार होती. तिनं मला शब्द दिला होता. होळीआधी घेतला की अख्खा मसाल्याचा हंगाम माझा.

ज्या दिवशी भिशीचे पैसे हातात पडले, त्याच दिवशी, सगळ्या बायका ओट्यावर बसल्या असताना, आप्पा आले. आतापर्यंत त्यांचे स्वतःचे पैसे, हायवेत गेलेल्या जमिनीचे, डब्यांच्या येण्याजाण्यात विरघळले होते. नव्या डब्याची अनामत कमी पडत होती.

“नलू माय, पंधरा दिन. डबा परत गया की पैसा परत.”

बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. घसा बंद झाला. मान हलली. माझी मान मला विचारत नाही, हे मी वर सांगितलंच आहे.

ह्यांना कळलं तेव्हा हे म्हणाले, “हो तू म्हणालीस ना? मग आण पण तूच.” आणि टेम्पो घेऊन इंदूरला निघून गेले.

पंधरा दिवसांनी डबा परत गेला. पैसे आले नाहीत. कारण आप्पांनी शेठकडून पैसे घेतलेच नाहीत, त्यांच्या बदल्यात त्याहून महागडा डबा आणला. तो परत गेला, त्याच्या बदल्यात त्याहून महागडा. माझा डंका सुरतेत सोफ्यावर बसून फुकट चहा पीत होता आणि मी पथारीवर देठ खुडत होते.

माझ्या मनात एक पाप आलं, तेही लिहून टाकते. डंका म्हणजे धाड धाड धाड. तो त्यांच्या भिंतीला लागला तर कुठलं गाणं आणि कुठला धागा? म्हातारा मुद्दाम तर पैसे अडवून बसला नसेल? फ्रीज गाण्यात येतो, मग डंका काय करेल, एवढं त्यांना नक्की कळत होतं. हा विचार आला आणि माझ्या अंगाची लाही झाली.

मी मागायला गेले. एकदा वाटीभर मसाला घेऊन गेले, म्हणजे विषय निघेल. आप्पा म्हणाले, “ठेव तठे, डब्यापासून लांब.” मी ठेवला आणि परत आले. दुसऱ्यांदा नुसतीच गेले. ते म्हणाले, “बरं व्हयनं उनी, अर्थिंग सुकी गयं.” मी पाणी घालून आले. घरी येऊन भिंतीकडे पाहत एवढं बोलले, एवढं बोलले, की मांजर उठून गेलं.

मग मी बंड केलं. भर दुपारी, त्यांचं ऐकणं चालू असताना, फ्रीज चालू केला, मिक्सरमध्ये शेंगदाणे फिरवले आणि नुसत्या पाण्याचा कुकर चढवून शिट्ट्यांवर शिट्ट्या काढल्या. म्हटलं, येऊ दे आता भांडायला, आज मी बोलेनच. आप्पा आले. दारात उभे राहिले. त्यांचा चेहरा फुलला होता.

“नलू, तुन्ही शिट्टी इतली साफ उनी ना. डाव्या अंगले, थोडी वर. बरोबर तुन्हा चूल्हा शे तठेच. हाऊ डबा खरं बोलस. आजून एक काढ.”

मी आणखी एक काढली. काय करणार?

तो डबा म्हणजे शेवटचा. बोटाएवढ्या जाड पत्र्याचा, पंखा नाही, दिवा एकच, तोही मंद. त्याच्या किमतीत गल्लीतल्या प्रत्येक घरात डंका बसला असता आणि वर कांडायला मिरचीही आली असती. आप्पा त्याच्यावर खूश होते, पण कानबाईचं गाणं अजून लावलं नव्हतं. “त्याले तापू दे. नवा बैल लगेच जुपता येत नही.” बारा-पंधरा दिवस तो नुसता चालू होता. आणि मग एका संध्याकाळी आप्पा ओट्यावरून म्हणाले की हा ठेवायचा. कळसाडी गावचं उरलेलं शेत वाट्यानं दिलंय, ते विकायचं. गिऱ्हाईक पाहायला सांगितलं आहे.

“आनि मन्हा पैसा?” हे मी विचारलं. विचारलं म्हणजे ओठ हलले.

त्यांना ते समजलं. “त्यामाच देऊ ना माय.”

शेत विकायचं म्हणजे उतारा, मोजणी, भाऊबंदांच्या सह्या. होळी कुठल्या कुठे जाईल. त्याच दिवशी डंकेवाल्या बाईचा निरोप आला, दुसरं गिऱ्हाईक आलंय, बाजाराच्या दिवसापर्यंत थांबते, पुढे नाही.

मी रात्रभर एक वाक्य घोकलं. ‘आप्पा, मला माझे पैसे उद्याच्या उद्या पाहिजेत.’ एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी पथारीवरची माणसं जेवायला पांगली, रस्ता शांत झाला, तेव्हा मी पदर खोचून गेले. वाक्य तोंडात तयार होतं.

आप्पा दारातच उभे होते. “मी तुलेच हाक मारनार व्हतो. बठ.”

त्यांनी खिडक्या लावल्या, मोबाइल बंद केला, मला लाकडी खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली पोत्याला टेकून बसले. वाक्य तोंडातच राहिलं. गाणं सुरू झालं.

मी रागात होते तरी लिहायला पाहिजे, ते गाणं नव्हतं, ते अंगण होतं. समोरची भिंत गेली. सुमनबाई पुढे उभी होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. लीलाबाईला मधे खोकला आला, तो तिनं गिळला. कुठेतरी लांब कोणीतरी बादली ठेवली. आणि अगदी मागे, भिंतीजवळ, एक आवाज होता. बारका, दबलेला, प्रत्येक ओळीत जरासा उशिरा येणारा. दोरीवर दुसऱ्यांच्या कपड्यांत आपलं लुगडं ओळखू यावं तसा मला तो ओळखू आला.

आप्पांचे डोळे मिटलेले होते. चिमटी नाकासमोर. त्यांनी ओढायला सुरुवात केली आणि हात लांब लांब जात राहिले, खांद्यापर्यंत, त्याच्याही पलीकडे. तुटेल म्हणून घाबरल्यासारखे ओढत होते.

“देख,” ते म्हणाले, “इतला लांब धागा. मी म्हनी ऱ्हायनू ना, डबाच खोटं बोलतस, ती शे म्हनून. इंदू शे.”

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ‘मागे कोण’ म्हणजे कोण. इतके महिने मी समोर बसत होते, मला कळलं नव्हतं. आणि कळलं त्याच क्षणी मला इतका राग आला की घसा बंद होण्याऐवजी उघडला.

“आप्पा, ती इंदूबाई नही शे.”

“मंग कोन शे?”

“मी शे.”

आप्पांनी डोळे उघडले. गाणं थांबवलं. रागावले नाहीत, की मान हलवून मला वेड्यात काढलं नाही. त्यांच्यातला जिनिंगवाला उठला.

“नमुना दे.”

“काय?”

“तोच कडवा म्हन. आठे.”

मी आजवर कोणासमोर एकटी गायले नाही. पोरांना झोपवतानाही दार लावून घेत होते. पण शेत विकलं जाणार होतं, डंका जाणार होता, आणि हा म्हातारा माझा आवाज बायकोचा म्हणून विकत घ्यायला निघाला होता. मी पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि म्हटलं. एकच कडवं. दबून, जरासं उशिरा.

आप्पांनी माझ्या आवाजाचा धागा ओढला. मग डब्यातलं तेच कडवं लावलं आणि त्याचा ओढला. मग पुन्हा मला म्हणायला लावलं. दोन्ही चिमट्या शेजारी धरून पाहिल्या. हात खाली ठेवले.

“एकच माल शे,” ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

“मंग इंदू कोठे व्हती?”

“मन्हा जोडे. उजवा अंगले. खांद्याले खांदा.” आता मी सुरू झाले होते, थांबता येत नव्हतं. “ती गाये नही आप्पा. कधीच नही. तिले शब्द येत नव्हते. नुसतं तोंड हालाडे. त्या दिवशी माले म्हने, नलू, ह्यांनी टेप मन्हासाठी आनेल शे. तू जरा मोठा आवाजमा गाय, त्यासले वाटी मीच गाई ऱ्हायनू.”

“आनि तू मोठा आवाजमा गायनी नही.”

“माले लाज वाटनी.”

आप्पांना हसू आलं. अगदी थोडं, मिशीतल्या मिशीत. मग त्यांनी पुन्हा गाणं लावलं. या वेळी चिमटी धरली नाही. मान तिरकी केली, डोळे मिटले आणि हात पुढे करून अंधारात भिंत चाचपावी तसे हवेत चाचपत राहिले. माझा आवाज आला तिथे हात थांबला. मग हळूच उजवीकडे सरकला.

“आठे,” ते म्हणाले. “आठे आवाज अडी ऱ्हायना. तुन्हा आवाज डावीकडे मोकया जास. उजवीकडे जात नही. आठे कोनीतरी उभं शे.”

मी ऐकायचा प्रयत्न केला. मला काही कळलं नाही, आणि कळलं असं खोटं मी लिहिणार नाही. माझ्या आवाजाच्या शेजारी मला काहीच ऐकू आलं नाही. पण आप्पांचा हात तिथे, खांद्याच्या उंचीवर, तसाच राहिला. ओढत नव्हता, दाबत नव्हता. कोणाच्या खांद्यावर ठेवावा तसा नुसता ठेवलेला. गाणं संपेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.

मी माझं घोकलेलं वाक्य न बोलता घरी आले आणि भाकरी थापताना स्वतःवरच चिडले. एवढं तोंड उघडलं, आणि पैशाचं राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गोधडी घेऊन स्टेशनला निघाले. गोधडीत डबा. मी ओट्यावर होते. मान हलवायला कोणी काही विचारलंच नव्हतं, म्हणून मीच विचारलं.

“ठेवनार व्हते ना?”

“काम व्हई गयं,” आप्पा म्हणाले. “आते माले ठाव शे, ती कोठे उभी शे.”

शेठनं अनामत परत दिली, पण सगळी नाही. मिरचीच्या वासाचे कापून घेतले. तेवढे आप्पांनी डब्यांना जोडायच्या अंगठ्याएवढ्या जाड वायरी मंडपवाल्याला विकून भरून काढले. मंडपवाला अजून सर्वांना विचारत फिरतो, ह्या वायरींत आहे काय. शेताचं गिऱ्हाईक त्यांनी परत पाठवलं. बाजाराच्या आदल्या दिवशी ते आमच्या ओट्यावर आले आणि रुमालात बांधलेले पैसे माझ्यासमोर ठेवले.

“डंका कोन्ती भीतले लावशी?”

“तुमनीच भीतले,” मी म्हणाले. “दुसरी भीत ओली शे.”

आप्पांनी त्या भिंतीकडे पाहिलं. “लाव,” ते म्हणाले. “पन दुपारले थोडं थांबत जा.”

मी हो म्हटलं. या वेळी मानेनं नाही, तोंडानं म्हटलं. मग “पैसा मोजी ले,” असं ते म्हणाले. आतापर्यंत मी कोणाच्या तोंडासमोर पैसे मोजले नव्हते, लाज वाटते. पण त्या दिवशी मी रुमाल सोडला, थुंकी लावून एकेक नोट त्यांच्यासमोर मोजली. पूर्ण होते.